उत्तरेच्या खिडकीतलं ऊन

आमच्या मागच्या खोलीत ऊन येत नाही, असं आम्ही वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगत आलो. प्रतापनगरातलं हे घर दक्षिणमुखी. त्यावरून पाहुण्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या, ते वेगळं. मागची खोली उत्तरेला आणि तिला एकच खिडकी, तीही उत्तरेलाच. नागपुरात अशी खोली म्हणजे दौलत. मे महिन्यात पुढच्या खोलीत कूलर गरगरत असायचा, तरी जेवणं झाली की सगळं घर चटया घेऊन मागे यायचं. वाळ्याचा वास पुढे आणि माणसं मागे.

ऊन येत नाही हे बाबांना मान्य नव्हतं.

बाबा भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होते. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्या. निवृत्तीनंतर मोजायला काही उरलं नाही, तेव्हा ते मागच्या खोलीतलं ऊन मोजायला लागले. पूर्वेच्या भिंतीवर जमिनीपासून दोन-अडीच हातांवर अजूनही त्या रेघा आहेत. शिसपेन्सिलीच्या, उभ्या, केसाएवढ्या. प्रत्येकीखाली तारीख, सातबाऱ्यावरच्या अक्षरासारखी आखीव: 21/4, 10/5, 26/5, 14/6. घराला रंग दिला तेव्हा त्या हातभर पट्ट्याला त्यांनी पेंटरला हात लावू दिला नाही. पेंटर आईला म्हणाला, "काकू, एवढंच काहून सोडायचं?" आई म्हणाली, "ते सरकारी रेकॉर्ड आहे बाप्पा."

प्रकार असा. मार्चअखेरीस सूर्य पश्चिमेच्या थोडा उत्तरेला बुडायला लागला की उत्तरेच्या खिडकीतून संध्याकाळी उन्हाची एक तिरपी पट्टी आत शिरते. आधी नखाएवढी, खिडकीला बिलगून. आमच्या पश्चिमेचा प्लॉट अजून रिकामा आहे, म्हणून हे दिसतं. सूर्य दिवसेंदिवस उत्तरेला सरकतो तशी पट्टी पूर्वेच्या भिंतीवरून आत, म्हणजे दक्षिणेला सरकत जाते. जूनमध्ये ती पार बाबांच्या दिवाणाच्या डोक्याशी पोचते आणि तिथे थांबते. खरंच थांबते. 17 जूनपासून 25 जूनपर्यंतच्या रेघा, तीन-चार वर्षांत ढगांनी जेवढ्या मारू दिल्या तेवढ्या, एकमेकींच्या अंगावर आहेत. मध्ये नख मावत नाही.

"पाह्य, हलून नाही राहिली," बाबा म्हणायचे. एखादा मोठा माणूस दारात येऊन उभा आहे, अशा आवाजात.

मराठी ज्योतिषाच्या पुस्तकांत या जागेला विष्टंभ म्हणतात, म्हणजे अडणं, थबकणं. कौषीतकी ब्राह्मण या वैदिक ग्रंथात सूर्याचं वर्णन असंच आहे: सहा महिने उत्तरेला जातो, मग वळण्याआधी थांबतो, सहा महिने दक्षिणेला जातो, पुन्हा थांबतो. ते लिहिणाऱ्यानेही कुठेतरी काठी रोवली असेल, नाहीतर भिंतीवर खुणा केल्या असतील. नुसतं आभाळाकडे पाहून हे कळत नाही. डोळे तेवढे दिपतात.

नागपूरच्या माणसाला 21 जूनचं कौतुक सांगणं तसं अवघडच. वर्षातला सर्वात मोठा दिवस, सव्वातेरा तासांहून थोडा जास्त, सगळं खरं. पण आपला सूर्य त्याच्या कितीतरी आधी माथ्यावरून जाऊन चुकलेला असतो. नागपूर उत्तरेला 21 अंश 9 मिनिटांवर, आणि सूर्याची उत्तरेकडची धाव 23 अंश 26 मिनिटांपर्यंत. त्यामुळे 26 मेच्या सुमारास, दुपारी बारा वाजून दहा-अकरा मिनिटांनी तो बरोबर आपल्या टाळूवर असतो आणि सावली पायाखाली नाहीशी होते. पंचांगात त्याच्या आदल्याच दिवशी, 25 मेला, रवी रोहिणी नक्षत्रात जातो आणि नवतपा लागतो. नवतप्याला घराबाहेर पडू नये, खिशात कांदा ठेवावा, हे आजी सांगायची. तिला अक्षांश ठाऊक नव्हते, पण नऊ दिवस बरोबर ठाऊक होते.

तेव्हाच्या एका 26 मेला बाबा मला झिरो माइलला घेऊन गेले होते. मी बँकेतून अर्धी रजा टाकली होती, हे कुणाला सांगितलं नाही. ब्रिटिशांच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा तो 1907 सालचा दगड, वालुकाश्माचा खांब आणि ते चार उधळलेले घोडे. बाराच्या ठोक्याला रस्त्यावर चिटपाखरू नाही. खांबाची सावली आखडत आखडत बुडाशी गेली. बाबा म्हणाले, "सूर्याला घोडे सात. तीन रजेवर दिसून राहिले." मग उसाचा रस प्यायला.

त्यानंतर जुलैच्या 16-17 तारखेपर्यंत, म्हणजे सात-साडेसात आठवडे, भर दुपारी सूर्य आपल्या उत्तरेला असतो. आपल्याला लहानपणापासून माहीत असलेलं सगळं उलटं होतं. सावली दक्षिणेला पडते. घराच्या दक्षिणेच्या भिंतीला या दिवसांत ऊन शिवतसुद्धा नाही, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. आणि जिला वर्षभर सावत्र वागवलं त्या उत्तरेच्या भिंतीवर दिवसभर ऊन. 21 जूनला सव्वाबाराला गच्चीवर एक मीटरची काठी ओळंब्यात उभी करा. चार सेंटीमीटर सावली पडेल, दक्षिणेकडे. जुन्या ज्योतिषातला शंकू, म्हणजे सावली मोजायची उभी काठी, बारा अंगुळांचा. त्याची सावली त्या दिवशी आपल्याकडे अर्धा अंगुळ. बाबांना शंकू हा शब्द फार आवडायचा, कारण त्यांच्या मोजणीच्या सामानातही एक शंकू होता, साखळीबरोबर काटकोन काढायचा. "ऋषींचं अन् आमचं डिपार्टमेंट एकच," म्हणायचे.

बाबा गेले ते 2 जुलैला पहाटे.

त्याआधी 21 जूनची रेघ मी मारली. त्यांना उठवत नव्हतं. उशीवर मान कलती करून ते भिंतीकडे पाहत होते आणि मला सांगत होते, "अजून खाली नको. तिथेच. आता कड धर. कड धर म्हणून राहिलो ना, मधात नको." पेन्सिल सापडेना म्हणून मी बॉलपेनने मारली. जाड आली, थोडी वाकडीही. त्यांनी बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "चालते."

तिसऱ्या दिवशी राख सावडून आलो. घर माणसांनी भरलेलं. आत्या वर्ध्याहून आलेली. ती भिंतीला टेकून बसली होती आणि कुणालाच उद्देशून नसल्यासारखं बोलली, "दादा गेला तो दक्षिणायनात गेला. दहा-अकरा दिवस आधी असतं तर..." पुढचं वाक्य तिने गिळलं, पण सगळ्यांना ऐकू आलं. तिच्या मनात दुष्टावा नव्हता. भाऊ गेला होता तिचा. ज्या भाषेत तिला रडता येतं त्या भाषेत ती रडत होती.

मामा पंचांगातले. ते पटकन पुढे सरकले. "नाही ताई. कर्कसंक्रांत 16 तारखेला आहे. तोवर उत्तरायणच धरतात. भाऊजी उत्तरायणात गेले." आत्या म्हणाली, "कॅलेंडरात 21 जूनलाच लिहिलं आहे, दक्षिणायन." मामा म्हणाले, "ते सायन झालं. आपलं निरयन." दोघंही बरोबर. आकाशातला सूर्य 21 जूनला वळतो, ते सायन. पण नक्षत्रांवर बसवलेली कर्क रास त्याला जुलैच्या मध्यावर लागते, ते निरयन. सूर्य जिथे वळतो तो अयनबिंदू नक्षत्रांमधून हळूहळू मागे सरकतो, म्हणून हे अंतर. साधारण सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही एकाच दिवशी येत. आज त्यांत 24-25 दिवसांची फट आहे आणि माझे वडील नेमके त्या फटीत गेले.

आई तोवर गप्प होती. मग म्हणाली, "दोन दिवस त्यांच्या घशाखाली घोट उतरत नव्हता, अन् तुम्ही संक्रांत काढून बसले." त्यावर कुणी काही बोललं नाही. मामांनी पंचांग मिटलं.

पण माझ्या डोक्यात ते राहिलं. आत्यावरचा राग दोन-तीन आठवड्यांत गेला. वाक्य राहिलं. मला कळेना, वर्षातला सर्वात मोठा दिवस, सगळीकडे उजेडच उजेड, त्याच दिवसाला आपली परंपरा रात्रीची सुरुवात का म्हणते? कारण हिशेब तसाच आहे. माणसांचं एक वर्ष म्हणजे देवांचा एक अहोरात्र. उत्तरायण हा त्यांचा दिवस आणि दक्षिणायन ही त्यांची रात्र. हे मनुस्मृतीतही आहे आणि पुराणांतही. म्हणजे 21 जूनला देवांकडे दिवेलागण.

यात एक अडचण आहे, आणि ती मला सुचलेली नाही, आपल्याच ज्योतिषांना सुचलेली आहे. देव राहतात मेरूवर, म्हणजे उत्तर ध्रुवावर. तिथे सूर्य उगवतो तो मार्चच्या संपाताला, म्हणजे दिवस-रात्र सारखे होतात तेव्हा, आणि मावळतो सप्टेंबरच्या. मधले सहा महिने सलग दिवस. मग 21 जूनला तिथे संध्याकाळ कुठली? तिथे त्या दिवशी भर माध्यान्ह असते. सूर्य जेवढा वर येऊ शकतो तेवढा आलेला असतो. धर्मशास्त्र म्हणतं रात्र लागली आणि गणित म्हणतं दुपारचे बारा वाजलेत.

भास्कराचार्यांनी 1150 साली सिद्धान्तशिरोमणी हा ज्योतिषगणिताचा ग्रंथ लिहिला तेव्हा त्यांना हे दिसत होतंच. त्यांनी त्यातल्या गोलाध्याय या भागात याला दोन ओळी दिल्या आहेत. कुणाला खोटं पाडलेलं नाही आणि गणितही सोडलेलं नाही. त्यांचं म्हणणं साधारण असं: संहिताकार, म्हणजे फलज्योतिषाचे ग्रंथ लिहिणारे, उत्तरायणाला देवांचा दिवस म्हणतात ते सूर्य दिवसाकडे तोंड करून निघालेला असतो म्हणून. तो रात्रीकडे तोंड करून निघाला की रात्र. आणि हे फळ सांगण्यापुरतं.

"दिनोन्मुख" असा शब्द त्यांनी वापरला आहे. तो वाचला आणि मी पुस्तक खाली ठेवलं. उजेड किती आहे हा प्रश्नच नाही. तोंड कुणीकडे आहे, एवढंच पाहायचं. मध्यरात्र उलटली की काळोख तसाच असतो, पण तोंड पहाटेकडे झालेलं असतं. दुपारचे बारा वाजले की ऊन तसंच कडक, पण वळण पडून गेलं. आपण घरात हेच करतो. दुपारचं जेवण होऊन ताटं अजून उचललेली नसतात, आणि आई विचारते, "संध्याकाळी भाजीला काय करू?"

बाबा असते तर त्यांना हे लगेच पटलं असतं. शेतजमिनीच्या भांडणांबद्दल ते मला नेहमी सांगत, "बांध आज कुठे आहे हे नको पाहू. तो कोणीकडे सरकून राहिला, ते पाह्य. भांडण तिथे असते." धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, डोकी फुटतात विदर्भात. एका तासाने, म्हणजे नांगराच्या एका रेघेने, दरवर्षी बांध सरकतो. तीस वर्षांनी मोजणीवाल्याला बोलावतात.

आत्याच्या वाक्याचं मूळ अर्थातच गीतेत आहे. आठव्या अध्यायात दोन वाटा सांगितल्यात. अग्नी, ज्योती, दिवस, शुक्ल पक्ष, उत्तरायणाचे सहा महिने ही एक. धूर, रात्र, कृष्ण पक्ष, दक्षिणायनाचे सहा महिने ही दुसरी. पहिलीने गेलेला परत येत नाही, दुसरीने गेलेला परततो. आणि त्याला जोडून भीष्म, बाणांच्या शय्येवर 58 रात्री काढणारे, सूर्य वळायची वाट पाहणारे. एवढं ऐकून मोठी झालेली बाई भावाच्या तिसऱ्या दिवशी दुसरं काय मोजणार?

पण गोष्ट एवढ्यावर संपत नाही, आणि पुढचं कुणी घरात सांगत नाही, याची मला खंत वाटते. ब्रह्मसूत्रांत चौथ्या अध्यायात एक सूत्र आहे, "अतश्चायनेऽपि दक्षिणे". दक्षिणायनातसुद्धा. ज्ञानी माणूस दक्षिणायनात गेला तरी त्याच्या फळात उणं येत नाही, असं शंकराचार्य त्यावर लिहितात, आणि भीष्मांच्या थांबण्याचंही कारण देतात: लोकांत रूढ असलेला आचार पाळायचा होता आणि वडिलांनी दिलेलं इच्छामरणाचं वरदान दाखवायचं होतं. म्हणजे उत्तरायणाची गरज भीष्मांना नव्हती.

आणि मग पवनार. नागपूरहून वर्ध्याकडे जाताना धाम नदीच्या काठावर, विनोबांचा आश्रम आहे ते. विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर जी प्रवचनं दिली, त्यांत या दोन वाटांचा अर्थ त्यांनी कॅलेंडरातून बाहेर काढला आहे. उत्तरायण म्हणजे निरभ्र आकाश. मनावर आसक्तीचा ढग नाही अशी अवस्था. हे प्रवचनापुरतं राहिलं असतं तर मी सोडून दिलं असतं, प्रवचनात काय, सगळेच छान बोलतात. पण विनोबा गेले ते 15 नोव्हेंबर 1982 ला. अन्न-पाणी-औषध सोडून, स्वतः ठरवून. त्या दिवशी दिवाळीची अमावास्या होती. दक्षिणायन, कृष्ण पक्ष, त्यातही शेवटची तिथी. दोन महिन्यांवर संक्रांत होती आणि ते थांबले नाहीत. बाबा तेव्हा बदलीवर वर्ध्यात होते. पवनारला गेले होते गर्दीत. त्याबद्दल फार बोलायचे नाहीत. नदीच्या पात्रात लोक उभे होते, एवढंच सांगायचे.

दक्षिणायनाबद्दल आणखी एक गोष्ट मला रामटेकला सापडली, तीही दुसऱ्याच कामासाठी गेले असताना. देवाची प्राणप्रतिष्ठा उत्तरायणात करावी, हा साधा नियम सगळ्यांना माहीत असतो. त्याला धर्मशास्त्राने अपवाद ठेवलेत. मातृका, भैरव, वराह, नरसिंह, त्रिविक्रम आणि महिषासुरमर्दिनी, यांची स्थापना दक्षिणायनातही करावी. उग्र देवता, काळोखाशी दोन हात करणाऱ्या. आता रामटेकच्या डोंगरावर वाकाटक राजांच्या काळातलं, पाचव्या शतकातलं काय काय आहे ते आठवा. केवल नरसिंह. रुद्र नरसिंह. वराह. आणि उताराला त्रिविक्रमाची ती भंगलेली मूर्ती. यादीतले तीन देव एकाच टेकडीवर. कुणी कधी बसवले याचा मुहूर्त माझ्याजवळ नाही आणि मी तसा दावाही करत नाही. पण त्या वराहाच्या पोटाखालून लहानपणी मी सरपटत गेले आहे. पापी माणूस अडकतो म्हणतात. बाबा अडकले होते. आई बाहेर उभी राहून म्हणाली, "मोजणीत कोणाचा तुकडा इकडचा तिकडे केला ते आठवा, मग निघाल." ते हसायला लागले आणि हसण्याने आणखीच अडकले.

त्याच टेकडीला संशोधक वा. वि. मिराशींनी मेघदूतातला रामगिरी ठरवलं. आषाढाच्या पहिल्या दिवशी यक्षाला ढग दिसला, हे शाळेपासून पाठ. आपल्या राष्ट्रीय सौर कॅलेंडरात तर 1 आषाढ दरवर्षी 22 जूनलाच येतो, लीप वर्ष असो वा नसो. अयन वळलं की दुसऱ्या दिवशी आषाढ. पण मला त्या काव्यातली सुरुवात नाही, शेवटाजवळचा निरोप महत्त्वाचा वाटतो. यक्ष ढगाकडून बायकोला सांगतो की शेषशय्येवरून विष्णू उठेल तेव्हा माझा शाप संपेल, उरलेले चार महिने डोळे मिटून काढ. डोळे मिटून! तिकडे आषाढी एकादशीला देव झोपणार, इकडे हिने डोळे मिटायचे, आणि कार्तिकात दोघांनी एकदमच उघडायचे. देवांच्या रात्रीचा असा उपयोग मी दुसरीकडे वाचला नाही. तिथी मोजून चार महिने बरोबर भरत नाहीत म्हणून टीकाकारांनी वाद घातलाय, तो त्यांचा त्यांना लखलाभ. वाट पाहणाऱ्या माणसाला चार महिने म्हणजे चारच महिने असतात का?

बाबा गेल्यावर आईने तेच केलं. त्या चातुर्मासात तिने कुठलं व्रत धरलं नाही, कांदा-लसूणही सोडला नाही, मुद्दाम खाल्ला. पण दुपारी मागच्या खोलीत जाऊन दिवाणावर डोळे मिटून बसायची. झोपायची नाही. मी विचारलं तर म्हणाली, "काही नाही, बसून राहिली."

एरवी ही रात्र म्हणावी तर तिच्यात झोपायला सवड कुठे आहे? गुरुपौर्णिमा, नागपंचमी, पोळा, त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या महाल भागात काळी-पिवळी मारबतीची मिरवणूक, गणपती, महालक्ष्म्या, पितृपक्ष, नवरात्र, दिवाळी. आमच्या मागच्या गल्लीतल्या बुद्धविहारात आषाढ पौर्णिमेपासून वर्षावास सुरू होतो, रोज संध्याकाळी ग्रंथवाचन. जैन मुनी एका गावी थांबतात. सगळं वर्षाचं उत्तरांगच देव झोपले असताना पार पडतं. पेरण्यासुद्धा. लग्नं तेवढी थांबतात, आणि हॉलवाल्यांनी तेही आता सैल केलंय.

21 जूनला हल्ली सकाळी मोबाईलवर योगाचे आणि आदियोगीचे निरोप येतात. 2015 पासून तो जागतिक योग दिन आहे, मैदानावर चटया पसरतात, बरं आहे. मला त्या गर्दीत दक्षिणामूर्ती आठवतो. वडाखाली दक्षिणेकडे तोंड करून बसलेला शिव, तरुण गुरू आणि म्हातारे शिष्य, आणि शिकवणं कसं, तर न बोलता. दक्षिण म्हणजे यमाची दिशा. तिकडे पाय करून झोपू नकोस, तिकडे तोंड करून जेवू नकोस, हे ऐकत आपण वाढतो. आणि सर्वात मोठा गुरू तिकडेच तोंड करून बसतो. पुन्हा तोंडच.

यंदा 21 जूनला ढग होते. सव्वाबाराला मी गच्चीवर काठी घेऊन उभी होते आणि सावली आलीच नाही. उकाडा असा की कूलर नुसता दमट वारा फेकत होता. कूलरच्या वाळ्याच्या ताट्या काढून धुऊन ठेवायची वेळ झाली, एवढंच नागपुरातलं दक्षिणायन. संध्याकाळीही पट्टी नाही. 25 ला नाही. 28 ला रात्रभर पाऊस. आई रोज विचारायची नाही, पण सहा वाजले की चहाचा कप घेऊन मागे यायची.

2 जुलैला, वर्षश्राद्ध तिथीने अजून पुढे होतं, पण तारीख तीच, दुपारी बरसून गेलं आणि साडेसहाच्या आसपास पश्चिमेला ढगांखाली एक फट पडली. प्लॉटवरचं साचलेलं पाणी एकदम तांबूस झालं. पट्टी आली. फिकट, पण कड स्पष्ट. ती माझ्या वाकड्या बॉलपेनच्या रेघेला लागली नव्हती. तिच्या अलीकडे, खिडकीच्या बाजूला, जेमतेम बोटभर.

मी पेन्सिल घेऊन बसले होते. कड धरून रेघ मारली. 2/7 लिहिलं. मग लक्षात आलं की बाबांच्या सगळ्या रेघांत 2/7 आधी कुठल्याच वर्षी नव्हती. या दिवसांत ढग असायचेच.

"किती सरकली?" आईने दारातून विचारलं.

"बोटभर."

"कोणीकडे?"

हे मी इतकी वर्षं पाहत होते आणि कधी शब्दांत म्हटलं नव्हतं. सूर्य उत्तरेला जातो तेव्हा भिंतीवरची पट्टी दक्षिणेला येते. आणि तो दक्षिणेला निघाला की ती परत फिरते.

"उत्तरेकडे," मी म्हटलं.

आई कप घेऊन आत आली. चष्मा कपाळावरून खाली ओढून तिने दोन्ही रेघा पाहिल्या, माझी जाड आणि ही नवी, मधल्या जागेवर बोट टेकवून पाहिलं. पट्टी तोवर पिवळी पडत चालली होती.

"तुझ्या आत्याला नको सांगू," ती म्हणाली. "ती पुन्हा हिशेब काढत बसेल."